सरांचा झेंडू आणि माझा रेणू

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. मुलगा मुंबईत काय करतो असं गावी कुणी विचारलं की आई सांगायची, "उजेडानं मोजमाप करतो." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. लेझरचा निमिषाहूनही छोटा झोत रेणूला उत्तेजित करतो आणि मागोमाग दुसरा येऊन त्याची अवस्था टिपतो. दोघांमधलं वेळेचं अंतर जरा जरा वाढवत गेलं, की उत्तेजित रेणूची थरथर पडद्यावर लाटेसारखी उमटते. निदान उमटायला हवी. माझ्या पडद्यावर मात्र वर्षभर नुसता सपाट उतार. दसऱ्यानंतर लगेच पीएचडीच्या समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि काही दिसलं नाही तर विषय काढून घेणार, हे मला स्वच्छ सांगितलेलं.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा झाली. माझ्या मार्गदर्शक सरांचा पूजेवर विश्वास नाही, पण हार दरवर्षी तेच बांधतात, स्टुलावर चढून. घाटकोपरहून आणलेला झेंडूचा जाड हार त्यांनी लेझरच्या टेबलावरच्या फळीला लावला.

सुट्टीनंतर मी मोजणी सुरू केली, आणि पडद्यावर लाट! सरांनी पाठीवर थाप मारली. "झकास!"

ते गेल्यावर मुलुंडची सीनियर ताई चहाचा कप घेऊन आली. "लाट फारच गोड आहे रे. आता मोजणी निम्म्या वेगानं चालव."

"कशाला?"

"चालव ना. तू घाईत आहेस की निवांत, रेणूला काय माहीत? खरी असेल तर तशीच राहील."

मोजणीला दुप्पट वेळ लागला, आणि पडद्यावर लाटाही दुप्पट झाल्या.

"वाट लागली," मी म्हणालो.

ताईने वर पाहिलं. एसीची झडप खाली वळली की हाराचं शेपूट झुलायचं आणि लेझरच्या झोताच्या कडेला शिवायचं. झडप वर, हार गप्प. "अभिनंदन," ती म्हणाली. "तुझ्या रेणूला पाकळ्या आहेत."

आता सरांना कोण सांगणार? ताईने मला पुढे ढकललं. मी चाचरत म्हणालो, "सर, हार सुकलाय. काढू का?"

"हात लावू नकोस! त्याच्यामुळेच तर लाट आली."

"अगदी त्याच्यामुळेच, सर," ताई मागून म्हणाली.

सर येऊन झडपेकडे, हाराकडे, पडद्याकडे बघत राहिले. मग स्वतःच स्टुलावर चढले.

हार गेला आणि लाटही गेली. आम्ही मोजत राहिलो. शेवटी उताराच्या सुरुवातीला एक बारीक, लगेच विरणारी थरथर दिसली. वेग निम्मा केला, ती हलली नाही. दुप्पट केला, तरी तिथेच.

समितीने विचारलं, "ही रेणूचीच कशावरून?" मी सगळ्या वेगांचे आलेख मांडले. विषय माझ्याकडेच राहिला.

"तपासणी छान आहे," समितीतले एक जण म्हणाले. "कुणाला सुचली?"

मी ताईकडे पाहिलं, ताईने सरांकडे.

सर घसा खाकरून म्हणाले, "दसऱ्यानंतर आम्ही करतोच."