दाव्यातले हद्दीचे कलम

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो तो मामांमुळे. करकंबच्या शाळेतून मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला सोलापुरात आपल्या एका खोलीत ठेवून घेतले. मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. संध्याकाळी मला अभ्यासाला खोली शांत मिळावी म्हणून ते दुसरी पाळी मागून घेत आणि मामी शेजारणीकडे जाऊन बसत.

मला वकिलीची सनद मिळून चारच महिने झाले होते, तेव्हा गिरणीने मामांना काढून टाकले. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, उलट बोलल्याचा ठपका होता.

"मला भरपाई नको. माझा साचा तेवढा परत मिळवून दे," मामा म्हणाले. "घरचा वकील असताना दुसऱ्याच्या पायरीला कशाला जाऊ?"

माझे वरिष्ठ तेव्हा आजारी होते. त्यांच्या एका जुन्या दाव्याची नक्कल समोर ठेवून मी मामांचा दिवाणी दावा लिहिला. दाव्यात शेवटाकडे एक कलम असते: दाव्यास कारण या कोर्टाच्या हद्दीत घडले, सबब दावा चालविण्याचा या कोर्टास अधिकार आहे. मी ते जसेच्या तसे उतरवले. हद्द म्हणजे मला शिवेचा दगड ठाऊक. गिरणी सोलापुरात, मामा सोलापुरात, कोर्टही सोलापुरात. यात विचार करण्यासारखे मला काही दिसले नाही.

गिरणीच्या वकिलांनी पहिला आक्षेप त्याच कलमावर घेतला. तारखा पडत गेल्या. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी न्यायाधीशांनी मला विचारले, "वकीलसाहेब, हद्द फक्त जमिनीला असते का? विषयाला नसते?"

गिरणी कामगाराला कामावर परत घ्या, असे सांगण्याचा अधिकार कायद्याने कामगार न्यायालयाला दिला होता. दिवाणी कोर्टाला तो नव्हता. दावा काढून टाकला गेला.

मामा व्हरांड्यात उभे होते.

"काय म्हणले सायेब?"

"आपला दावा या कोर्टात चालत नाही."

"मग कुटं चालतो?"

"कामगार न्यायालयात."

"मग जाऊ की तितं. लई लांब हाय का?"

लांब नव्हते. पण तिथे जाण्याची मुदत केव्हाच टळली होती. तरी अर्ज केला, आणि मुदतीच्याच कारणावर तो फेटाळला गेला. वरिष्ठांनी कागद वाचून एवढेच म्हटले, "हे कलम लिहितात शेवटी, पण विचार आधी त्याचा करायचा."

मामांनी खोली सोडली आणि गावी जायला निघाले. सामान बांधताना मामी म्हणाल्या, "जॉबरम्होरं तोंड आवरलं असतं, तर ही पाळी आली नसती."

"व्हय, चुकलंच माझं," मामा म्हणाले.

मी ट्रंक उचलून उभा होतो. ती बाहेर नेऊन ठेवली. नंतर कळले, हंगामापुरते ते श्रीपूरच्या साखर कारखान्यावर रोजाने जातात. मग मी त्यांना पत्र लिहिले:

तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची नोकरी जॉबरला बोलल्याने गेली असेल, पण ती परत मिळाली नाही ती माझ्यामुळे. मी दावा चुकीच्या कोर्टात लावला आणि त्यात मुदत गेली. योग्य ठिकाणी गेलो असतो तर जिंकलोच असतो असे म्हणत नाही. निदान तुमचे म्हणणे कुणीतरी ऐकले असते. मामी तुम्हाला बोलल्या तेव्हा मी गप्प राहिलो. माझी चूक झाकायला हे पत्र तुम्ही त्यांना दाखवणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून रविवारच्या एस.टी.ने येतो आणि त्यांच्यासमोर मीच सांगतो.

आपला भाचा