"जास्त हाये, लवकर या"

आमच्याकडे फोनवर कुणी मरत नाही. फोनवर माणूस फक्त 'जास्त' होतं, म्हणजे फार आजारी. आजोबा जास्त आहेत म्हणून धावत गेलो, तर अंगणात तिरडी बांधून तयार. काका जास्त होते, तेव्हाही तेच. वाटेत कुणी हाय खाऊ नये म्हणून हा रिवाज, आणि तो सगळ्यांना कळतो. त्यामुळे त्या सकाळी कुरखेड्याकडच्या गावातून आतेभावाचा फोन आला, "माय जास्त हाये मामा, लवकर या," तेव्हा बाबांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गेली."

आत्या बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, म्हणून हिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले तरी ती त्यांच्या ताटाकडे बघून "एवढासाच भात?" म्हणायची. बाबा रडले नाहीत, कामाला लागले. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय आमच्यात बाईला उचलत नाहीत, आणि ते भावानंच न्यायचं असतं. आम्ही भद्रावतीतलं कापडाचं दुकान उघडायची वाट बघत बसलो. मी म्हटलं, "एकदा फोन करून विचारू का?"

"कायले इचारतं? त्याच्या तोंडून वदवून घेतं काय?" बाबा म्हणाले. मी फोन ठेवून दिला. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी नेमकी शहाण्यासारखी वागले.

गाडी मी चालवत होते. चिमूर सोडलं आणि पाऊस असा लागला की वायपर असून नसून सारखेच. नागभीडच्या अलीकडे डोंगर सुरू होतात, तिथं एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. त्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. आमच्या समोरून एक एसटी सावकाश पलीकडे गेली. मी पहिला गिअर टाकला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता घाई कोणाची हाये? आपण गेल्याबिगर ते काही उचलत नाई."

खरं होतं ते. मी गाडी वळवली. दोन किलोमीटर मागे डोंगरांच्या मधोमध एक मोठा जुना तलाव आहे आणि काठावर एक रिसॉर्ट. नागपूरची मंडळी तिथं पाऊस बघायला येतात. बायका छत्र्या सावरत फोटो काढत होत्या, पायडलच्या होड्या दोरीला बांधून ठेवलेल्या होत्या. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. बाबांनी भजी मागवली. "खाऊन घे. तिथी चूल पेटणार नाई," म्हणाले.

भजी चांगली होती, हे मला अजून आठवतं आणि त्याची शरम वाटते. बाबा आत्याच्या गोष्टी सांगत होते. मोहाची फुलं वेचायला जाताना ती त्यांना झाडाखाली बसवून जायची आणि अस्वल येईल म्हणून भीती घालायची. मग स्वतःच घाबरून दर पाच मिनिटांनी परत यायची. आम्ही हसलो. मेलेल्या माणसाबद्दल हसतात तसं, मायेनं. दुसरा चहा झाला. पाऊस थांबायचं नाव घेईना, पण आमचंही काही अडत नव्हतं.

तीनच्या सुमारास आतेभावाचा फोन आला. स्पीकर सुरू होता. "मामा, कुठवर आले? माय सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राह्यली. डॉक्टर म्हणते, काही खरं नाई."

बाबा उठून पावसातच गाडीकडे निघाले.

मी गाडी कशी काढली ते आठवत नाही. रपटा दिसतच नव्हता. जिथं तो होता तिथून लाल पाणी झाडांच्या फांद्या घेऊन चाललं होतं. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या. बाबा दार उघडून सरळ पाण्याकडे चालू लागले. मांडीपर्यंत पाण्यात गेले तेव्हा दोन ट्रकवाल्यांनी त्यांना धरून मागे ओढलं. "भाऊ, पागल झाले का?" एकानं विचारलं. बाबा त्याचा हात सोडवायला बघत होते, पण तेवढी ताकद नव्हती.

पुन्हा फोन वाजला. आतेभावानं तो आत्याच्या कानाशी धरला असणार, कारण नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, "कुठी हायेस रे?"

"फाट्यावर आलो, बाई," बाबा म्हणाले. "हे आलोच. पाच मिनिटं."

तिच्या गावाचा फाटा तिच्या ओसरीतून दिसतो. आम्ही तिथून शंभर किलोमीटर अलीकडे होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. सगळे लुगड्यासाठी थांबलेच होते, तेवढा आमचा अंदाज चुकला नव्हता. लोक बाबांचा हात धरून म्हणत होते, पाण्यापुढे कोणाचं चालते? बाबा मान हलवत होते, आणि मीही हलवली. पाणी घोटाभर होतं तेव्हा आम्ही वळलो, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

संध्याकाळी वहिनी बाबांजवळ येऊन बसली. आत्याची ही सून, सगळं हिनंच केलेलं. तिला बिचारीला वाटलं, ऐकून मामांना बरं वाटेल. म्हणाली, "तुमचा फोन झाला आन् लई खूश झाली जी माय. खाट ओसरीत काढाले लावली. पावसातच. फाट्याकडे पाहूनच राह्यली. शेवटी मले म्हणे, फाट्यावर हाये म्हणते, मंग दिसून काऊन नाई राह्यला?"