गंगूच्या कानातला कापूस

माझी सख्खी बहीण गंगू हिच्यावर अन्याय झाला तो मार्गशीर्षात, बाळंतपणाच्या तेराव्या दिवशी, सकाळी. त्या सकाळी घरची सगळी माणसं कापूस वेचायला गेली आणि बाळंतीण एकटी राहिली. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस थांबला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव... सव्वा महिना बाळंतिणीला एकटं सोडू नये, ही रीत त्या भावात बुडाली. वारा लागू नये म्हणून तिच्या कानात बोळे घालतात ना? तेवढाही कापूस कोणी मागं ठेवला नाही!

मी भुताखेतांचा कट्टर वैरी. त्यांच्याविरुद्ध चोपडी छापून अमरावतीच्या बाजारात वाटलेली आहे. तरीही हे लिहितो, कारण घडलं तसं सांगणं भाग आहे.

आम्हाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच — बडनेऱ्यापासून दोन कोसांवर. विसाव्या दिवशी मी पोचलो. गंगू भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"दादा, हे पोरगं मायं वाटतच नाही. हातातून सोडून देईन का काय, असं भेव वाटते. झोप नाही मले."

तिची सासू म्हणाली, "लागीर आहे. उद्या मंगळवार, भगत येऊन डाग देईन."

"मावशी, तापल्या सळईचा डाग कशाला? तिच्याजवळ कोणी बसा!"

"अन् कापूस कोण वेचन, तुयी चोपडी? एवढी कणव आहे तं तूच बस."

बसलो. ओसरीवर, दाराला पाठ लावून. घराला दार एकच. दुपारी आत दोन बायका बोलत होत्या... मी स्पष्ट ऐकलं. मग गंगू हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा!

आत गेलो. गंगू एकटी, पोर छातीशी. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"कोण आलं होतं?"

"म्हातारी. रोज येते दुपारची. काही करत नाही, बसते नुसती. म्हणे, मले बी असंच झालं व्हतं पोरी, जाते हे."

बोळा काढून पाहिला. तांबूस, आखूड धाग्याचा. संध्याकाळी सासूला दाखवला. तिनं तो बोटांत चोळला आणि दिव्यापाशी नेऊन धरला.

"हा तं मायी सासू पेरे... ते गेली, तवापासून गावात कोणीच पेरत नाही."

मंगळवारी भगताला तिनं वेशीवरूनच परत पाठवलं. त्या दिवशी बाकी सगळे रानात गेले, ती गेली नाही, गंगूजवळ बसली. म्हातारी त्यानंतर आली नाही. गंगूला सावरायला पुढे चार-पाच महिने लागले, पण सावरली. पोरगं आता रांगतं.

अमरावतीचा डॉक्टर म्हणाला, जागरणानं बाळंतिणीला असे भास होतात. ठीक. पण ऐकलं मी, आणि मी काही बाळंत झालो नव्हतो! बोळा अजून माझ्याजवळ कागदात बांधलेला आहे. त्याचा उलगडा मला झालेला नाही. चोपडीतही सापडत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात, शेजारी कोणी बाळंतीण आहे? मग हा कागद खाली ठेवा. कापूस राहू द्या झाडावर. उठा, आणि तिच्याजवळ जाऊन बसा. आत्ता.