अक्कांचा धावता थ्रो

इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या अक्का कधी थांबतच नाहीत. गप्पा चालता चालता, किल्ली फेकणंही चालता चालता. तरी ती नेमकी माझ्या हातात पडते. रविवारच्या मॅचमध्ये शेवटचा बॉल होता. समोरच्या बायकांची दुसरी रन झाली की आम्ही हरलो! अक्का आडव्या धावल्या, बॉल उचलला आणि पळता पळता स्टंप सोडून चक्क मागे, जिकडून धावत आल्या त्या बाजूला नेम धरून फेकला.

"अक्का, स्टंप इकडे!" मी किंचाळले.

बॉल तिरका आला आणि दांडी गुल!

"स्वल्प मागंच टाकायचं गं! माझं पळणं बॉलला चिकटलेलं असतंय!"

मिठी मारायला आम्ही धावलो, पण अक्का पळतच पार पार्किंगमध्ये पोचल्या होत्या.