अकरा घंटा आणि एक मेंढी

दौंडला यार्डाच्या मागे रेल्वेच्या चाळी होत्या. त्यांतली म्हस्कूची खोली नव्या माणसालाही विचारावी लागत नसे. खिडकीत प्लास्टिकची लाल फुलं, फुलांशेजारी मान हलवणारा चिनी मातीचा कुत्रा, आत भिंतीला दोन आरसे. खुंटीला एक काळा चष्मा टांगलेला असे. तो म्हस्कूने एकदाच घातला होता, आणि भर दुपारी रुळाला ठेचकाळून पडला होता.

म्हस्कू गँगमन होता. सकाळी टोळीबरोबर ठरलेल्या टापूवर चालत जायचं, सरकलेली खडी स्लीपरखाली दाबून बसवायची, रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, गाडी आली की बाजूला उभं राहायचं. गाडी गेली की रूळ जरा वेळ गुणगुणतात. ते ऐकायचं, आणि पुन्हा वाकायचं.

बहात्तर सालापर्यंत त्याने रुळावर पाय ठेवला नव्हता. त्याचं गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेपासून कोसावरचं. बापाची ऐंशी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि ज्येष्ठात परत यायचा. म्हस्कू चालायला शिकला तो त्या वाटेवर. दुष्काळात रानात काडी राहिली नाही, तेव्हा बापाने शिरूरच्या बाजारात मिळेल त्या भावाने कळप विकला. बापलेक मोकळे परत निघाले. वाटेत बाप सवयीने थांबायचा आणि वळून बघायचा, कुणी मागे राहिलं का म्हणून. मागे नुसता रस्ता असायचा. पुढच्या वर्षी बाप गेला. म्हस्कूने खडी फोडली, ओळखीने रेल्वेत लागला, चांगुणाशी लग्न केलं आणि चाळीत राहायला आला.

पगाराच्या दिवशी यार्डाच्या फाटकापासून बाजारापर्यंत दोन्ही अंगांना विकणारे बसत. म्हस्कूला तिथून नुसतं जाता येत नसे. मेंढक्याच्या हातात काठी असते, खांद्यावर घोंगडी असते, काखेत कधी कालच जन्मलेलं कोकरू असतं. इथे कामावरून सुटलं की हात नुसते लोंबायचे. मग कंगवा दिसे, तो हातात येई. विजेरी दिसे, ती हातात येई. घरी येईपर्यंत बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी ती वस्तू फळीवर इतर वस्तूंमध्ये जाऊन बसायची आणि त्याला तिचं काही वाटेनासं व्हायचं.

एकदा त्याला एका फडक्यावर पितळी घंटा दिसली. मेंढराच्या गळ्यात बांधतात तसली, वाटीएवढी. त्याने ती वाजवली आणि उभ्या जागी त्याला घाटातली पहाट आठवली. ती घेतली. पुढच्या पगाराला दुसरी घेतली, हिचा आवाज जाड होता म्हणून. वर्ष संपेपर्यंत त्याच्याकडे अकरा घंटा झाल्या. आमच्या भागात मेंढी घेऊन घंटा न घेणारे पुष्कळ आहेत. घंटा घेऊन मेंढी नसलेला तेवढा एकच.

चांगुणा शेतकऱ्याची लेक. तिला मेंढरांचं काही नव्हतं. शेजारणींना ती सांगे की आमच्याकडे कळप आहे, फक्त तो चारा खात नाही, पगार खातो. एकदा तेल संपलेलं असताना अकरावी घंटा घरात आली. तेव्हा मात्र ती हसली नाही.

"अवो, येकदा मला खरं सांगा," ती म्हणाली. "तुमाला ह्या घंटा पायजेत का मेंढरं पायजेत?"

म्हस्कू घंटा फळीवर ठेवून बाहेर गेला. पण त्या रात्रीपासून त्याला ते कळून चुकलं होतं. त्याला बापाची मेंढरं पाहिजे होती. ऐंशी नव्हे; एक तरी असावी, आणि तिच्या कानावर बापाची खूण असावी. डाव्या कानाला शेंड्याजवळ दोन बारीक छेद. ती खूण घेऊन चालणारं एकही जनावर आता कुठल्या रानात नव्हतं.

त्या सालच्या पावसाळ्यात त्याच्या आईचा भाऊ तात्याबा पाटसच्या शिवारात कळप घेऊन उतरला होता. मेंढरं रात्री शेतात बसवायची, शेताला खत होतं, शेतकरी धान्य देतो, अशी ती वस्ती असते. म्हस्कू सुटीच्या दिवशी तिथे गेला आणि मन उघडं केलं. तात्याबाने सरळ तोड काढली. मेंढीचे पैसे दिवाळीपर्यंत आण, माझ्या कळपात तुझी एक चालेल. वाढवायची मी, पहिलं कोकरू तुझं, दुसरं माझं. ही निम्म्याची रीत जुनी आहे. ज्याला रानात जाता येत नाही, त्याचंही जनावर तिच्यामुळे रानात राहतं.

म्हस्कूने तीन पगार डब्यात टाकले, म्हणजे त्यांतलं उरेल ते. दसरा झाला. जरा पैसे कमी होते, तेही दिवाळीच्या आत होणार होते. आणि अशात बाजारात एकाने जुना रेडिओ मांडला. कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा. म्हस्कूने तो खांद्याला लावून बघितला. वजन बरोबर घोंगडीएवढं. डबा रिकामा झाला.

कळप निघायच्या आदल्या दिवशी तो पाटसला गेला, तो रेडिओ खांद्याला आणि घंटा पिशवीत घेऊन. पैशांऐवजी घंटा तरी द्याव्यात, असं त्याच्या मनात होतं. तात्याबाने एकेक घंटा वाजवून बघितली आणि सगळ्या परत पिशवीत घातल्या.

"घंटा चांगल्या हायती. मेंढी कुठं हाय?"

"पुढच्या साली नक्की, मामा."

"पुढच्या सालाचं ऱ्हाऊ दे. मला सांग, मेंढी घेताना आपन काय काय बघतो?"

"दात बघतो. पाठ दाबून बघतो."

"आन्?"

म्हस्कूने रेडिओचा पट्टा सारखा केला. "रवंथ करंस्तवर थांबतो."

"मंग लेका, त्या रेडिओला रवंथ करू द्यायाचा व्हता की."

आसपासचे मेंढके हसले. म्हस्कूही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाजारात विकायला आणलेलं जनावर धुऊन पुसून उभं केलेलं असतं. आजारी असलं तरी उभ्या उभ्या तेजदार दिसतं. म्हणून जाणता धनगर घाई करत नाही. जनावर चरू देतो, पाणी पिऊ देतो, सावलीला बसू देतो. बसल्यावर त्याने डोळे अर्धे मिटून रवंथ केलं, तर ते निरोगी. रवंथाचं सोंग करता येत नाही. म्हस्कूच्या बापाने एकदा एका मेंढीसाठी दोन दिवस बाजारात मुक्काम केला होता.

सकाळी कळप पश्चिमेला वळला. म्हस्कू फाट्यापर्यंत मागे मागे गेला. धूळ खाली बसली, तरी तो उभा होता. आता पुन्हा ज्येष्ठ यायचा, पावसाळा जायचा, दिवाळी यायची.

ते वर्ष त्याने कसं काढलं ते चाळीने पाहिलं. पगाराच्या दिवशी तो बाजार टाळत नसे. उलट सगळ्या फडक्यांपुढे उकिडवा बसे, वस्तू हातात घेई, उलटीपालटी करी आणि ठेवून देई. मनात म्हणे, बस बाई सावलीला, मी पुढच्या महिन्याला येतो. पुढच्या महिन्यापर्यंत बहुतेक वस्तू त्याच्या मनातून मरून गेलेल्या असत. एक गंजिफ्रॉक मात्र तीन महिने जिवंत राहिला. तो त्याने घेतला आणि फाटेपर्यंत वापरला. विकणारे त्याला ओळखू लागले. एक कंगवेवाला तर लांबूनच विचारी, "या गँगमन, आज काय न्हाई घ्यायाचं?" म्हस्कू खुशीत सांगे, "आज आरसा न्हाई घ्यायाचा."

उरलेले पैसे चांगुणा पोस्टात टाकून येई. आधी आधी म्हस्कूला त्याचा धसका वाटायचा, हातातून काही निसटल्यासारखा. मग हळूहळू त्याची त्यात गोडी वाढली. कामावर वाकलेला असताना त्याला मध्येच ते पैसे आठवत. ते कुणाला दिसत नव्हते, वाजत नव्हते, फळीवर धूळ खात नव्हते. ते कुठेतरी लांब चरत होते आणि त्याचे होते. ही गोडी अंगात हुरहूर घेऊन येते. बापालाही कळप डोळ्याआड गेला की असंच वाटत असेल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि त्या दिवशी त्याच्या हातून पहार जरा हळू चालली.

रेडिओ त्याने विकला. घंटा तात्याबाने पुढच्या पावसाळ्यात विकत घेतल्या, पूर्ण भाव देऊन. भाच्याकडून फुकट घेणार नाही म्हणाला.

दिवाळी होताच म्हस्कू पैसे घेऊन पाटसला गेला. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तो कळपाजवळ बसून राहिला. सात-आठ मेंढ्या मनात भरल्या. शेवटी बांधाच्या सावलीला एक काळ्या तोंडाची बसली. तिचा जबडा सावकाश फिरू लागला, गळ्यातून घास वर आला, डोळे मिटत आले. म्हस्कू उठला.

"ही."

तात्याबाने चाकू विस्तवात धरला. "खूण कुनाची घालू?"

"बाची," म्हस्कू म्हणाला. त्याने मेंढीचा डावा कान धरून ठेवला.

सहा वर्षांनी ते दोन छेद पुन्हा एका कानावर उमटले. दुसऱ्या दिवशी कळप कोकणाकडे गेला. म्हस्कूला मेंढी मिळाली, आणि मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शंभर मैलांच्या वाटेला लागली.

हिवाळा गेला. पुण्याकडे जाणारी गाडी रोज त्याच्या अंगावरून वारा टाकून जायची. तो डोकं वर करून तिच्या मागे घाटाच्या दिशेला बघायचा. मुकादमाने एकदा विचारलंही, गाडीत कोण पाव्हणं आहे का. माघाच्या शेवटी निरोप आला की मेंढी व्यायली. नर की मादी ते निरोप आणणारा विसरला. तेवढ्या निरोपावर म्हस्कूने चार महिने काढले.

ज्येष्ठात कळप परतला, तेव्हा चांगुणाही बरोबर निघाली. म्हणाली, बघून तरी येते माझी सवत. कळप पहिल्या पावसाने ओलसर झालेल्या, वाफशातल्या रानात पसरला होता. म्हस्कूला आपली मेंढी चटकन ओळखू आली नाही. मेंढीने तर त्याला ओळखलंच नाही. ती तात्याबाच्या हाकेला वळायची. तिच्या कुशीला लागून तिच्यासारखीच काळ्या तोंडाची मादी होती, चार महिन्यांची.

चांगुणाने ती उचलली. कोकरू तिच्या छातीशी धडपडलं, मग गप्प झालं आणि तिच्या पदराचं टोक चघळू लागलं. चांगुणाचा चेहरा असा म्हस्कूने कधी पाहिला नव्हता. त्यांना अजून मूलबाळ नव्हतं.

"घरी नेऊ," ती म्हणाली. "पहिलं आपलंच हाय ना? खोलीमागं खुंटा ठोकीन. चारा मी आनीन."

तात्याबा म्हणाला, तुमचं आहे, खुशाल न्या. म्हस्कूने कोकराच्या पाठीवर हात ठेवला. लोकरीखालून ऊब लागत होती. न्यायला काही अडचण नव्हती. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात ओळखीने जागा मिळाली असती. तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने ते चांगुणाच्या हातांतून सोडवून घेतलं आणि खाली ठेवलं. ते आईकडे पळालं.

"खोलीत नेलं की ते खोलीतलं व्हईल," तो म्हणाला. "खुंट्याभवती फिरंल. हितं हाय तवर ते रानाचं हाय, आन् आपलंबी हाय."

 परतीच्या वाटेवर चांगुणा पुढे पुढे चालत होती. म्हस्कूला वाटलं, ही रागावली. पाटसच्या फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं दगडावर बसली, तेव्हा ती रस्त्याकडे बघतच म्हणाली,

"कोकनात रातच्याला त्येंना थंडी वाजत आसंल का?"

"न्हाई. येकमेकीला चिटकून बसत्यात."

एसटी आली. चांगुणा उठली नाही. तिने पदराचं ओलं टोक मुठीत धरलं होतं.

"दुसरी कवा घ्यायाची?" तिने विचारलं.