निळा प्रोद्रोमोस

सेरेसच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात प्रोद्रोमोस दहा वर्षं सांधेवाला होता. ग्रीस आणि तुर्कस्तानानं आपापली माणसं अदलाबदल केली, त्यात तो तुर्कस्तानातल्या कापादोकियातून ग्रीसमध्ये आला तेव्हा त्याला ग्रीक धड येत नव्हतं. घरात सगळे तुर्कीच बोलायचे. पण सांधे बदलायला भाषा लागत नाही. मास्तर बोट दाखवायचे, तो लिव्हर ओढायचा. रेल्वेची टोपी होती, रेल्वेची खोली होती, खोलीमागे त्याच्या बायकोनं, एव्हांथियानं, लावलेलं डाळिंब होतं. जुने गावकरी निर्वासितांच्या वस्तीला ‘तुर्काचं बी’ म्हणत आणि देशाबाहेर घालवलेल्या राजाच्या नावानं जाम उचलत. म्हणून वस्ती प्रजासत्ताकाची. प्रोद्रोमोसही त्यातलाच, वेगळा विचार करायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

१९३५च्या मार्चात पूर्वेकडच्या प्रजासत्ताकवादी पलटणींनी सरकारविरुद्ध बंड केलं. त्यांची एक गाडी स्टेशनात आली. एक अधिकारी मास्तरांच्या खोलीत गेला. मास्तर बाहेर आले, बोट दाखवलं, प्रोद्रोमोसनं लिव्हर ओढला.

बंड पंधरवडाही टिकलं नाही. चौकशी बसली. त्या दिवशी आपण तापानं अंथरुणात होतो, असं मास्तरांनी सांगितलं.

“मास्तर, बोट तुम्हीच दाखवलंत ना?”

“बोटानं गाडी वळते का रे? लिव्हरवर हात कुणाचा होता?”

टोपी गेली, खोली गेली. डाळिंब तिथंच राहिलं. उन्हाळाभर तो तंबाखूच्या वखारीत गासड्या वाहत होता.

ऑक्टोबरात सेनापतींनी प्रजासत्ताक मोडीत काढलं आणि राजाला परत आणावं का, यावर लोकांचं मत मागितलं. राजाला निळी चिठ्ठी, प्रजासत्ताकाला लाल. प्रत्येकाला दोन्ही मिळणार. एक पाकिटात घालून पेटीत टाकायची, दुसरी आपल्याजवळ राहणार.

गावातला किराणावाला अरिस्तिदिस राजाच्या पक्षाचा माणूस. त्यानं प्रोद्रोमोसला दुकानात बोलावून घेतलं.

“स्टेशनात परत जायचंय?”

“जायचंय, मालक.”

“मग रविवारी संध्याकाळी लाल चिठ्ठी आणून माझ्या हातात दे. लाल तुझ्याकडे उरली, म्हणजे निळी पेटीत गेली. बाकीचं मी बघतो.”

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा एव्हांथिया चणे निवडत होती.

“टाक की निळी,” ती मान वर न करता म्हणाली. “राजा काय आपल्या घरी जेवायला येणार आहे?”

“वस्ती काय म्हणेल?”

“वस्ती भाडं देते का आपलं?”

रविवारी शाळेत मतदान होतं. पडद्याआड प्रोद्रोमोसनं निळी चिठ्ठी पाकिटात घातली. वाईट वाटलं ते नंतर. लाल चिठ्ठी चुरगळू नये म्हणून ती दोन बोटांत धरून तो बाहेर आला. फाटकाशी राजाच्या पक्षानं शहरातून आणलेले दोघं दांडके घेऊन उभे होते.

“हे काय रे हातात?”

“उरलेली आहे. निळी आत टाकली.”

“लाल मिरवतोस आणि निळी टाकली म्हणतोस?”

“अहो, लाल माझ्याकडे आहे, म्हणजेच…”

“तुर्काचं बी तू, आम्हाला हिशेब शिकवतोस?”

पहिला दांडका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. चिठ्ठी त्यांनी फाडून गटारात टाकली. रांगेत उभी असलेली सगळी वस्ती बघत होती. कुणी जागचं हललं नाही.

कानाला फडकं बांधून तो संध्याकाळी दुकानात गेला.

“चिठ्ठी?” अरिस्तिदिस म्हणाला.

“तुमच्याच माणसांनी फाडली.”

“असं कुणीही येऊन सांगेल.” त्यानं तराजू पुसायला घेतला. सोमवारी स्टेशनात अरिस्तिदिसच्याच भाच्यानं सांधेवाल्याची टोपी चढवली.

त्याच दिवशी निकाल आला. शाळेतल्या पेटीत एकही लाल चिठ्ठी निघाली नव्हती.

कॉफीच्या दुकानात मात्र वस्तीतल्या कुणीच निळी टाकलेली नव्हती. दुकानदार लाझारोसनं प्रोद्रोमोसला खिडकीजवळची खुर्ची दिली, न मागता कॉफी आणली.

“लबाडी आहे, लबाडी,” लाझारोस सगळ्यांना म्हणाला. “पेटी बदलली त्यांनी. माझी लाल होती, याची लाल होती. याचा कान बघा, हा पुरावा.”

“खरा मर्द,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “आमच्या सगळ्यांच्या वाटचा मार खाल्लास, प्रोद्रोमोस.”

प्रोद्रोमोसनं कप खाली ठेवला. गप्प राहिला असता तर त्या खिडकीजवळ जन्मभर फुकट कॉफी मिळाली असती. पण मास्तरांचा ताप त्याला आठवला.

“मी निळी टाकली,” तो म्हणाला. “नोकरीसाठी. लाल हातात उरली होती, त्यावरून मारलं.”



“डोक्याला मार लागलाय,” लाझारोस म्हणाला.

“डोकं ठीक आहे. आणि पेटीही ठीकच आहे, कुणी बदललेली नाही.”

लाझारोसनं कप उचलला. त्यात अजून कॉफी होती.

राजा नोव्हेंबरच्या अखेरीस परत आला. प्रोद्रोमोस पुढेही गासड्याच वाहत राहिला. कॉफीच्या दुकानातल्या त्या दिवसापासून वस्ती त्याला ‘निळा’ म्हणायला लागली. नळावर एव्हांथिया आली की बायका बाजूला सरायच्या आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, “सरका गं, निळ्याची बायको आली.”