समासातली ओळ

आमच्याकडे वाचनालयाचं कार्ड एकच, आईच्या नावावर. कोळगावचं ऑफिस सुटलं की मी पालघरच्या वाचनालयातून पुस्तक आणायचं, आधी मी वाचायचं, मग आईने, असा सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांचा रिवाज. त्या वाचनालयाच्या वाचकांना एक खोड आहे, समासात शेरे मारायची. ‘टुकार’, ‘फार रडले’, ‘लेखकाला संसाराचा अनुभव नाही’. कधी कधी कादंबरीपेक्षा शेरेच बरे निघतात.

गेल्या वर्षी एक कादंबरी आणली. तिच्या नायिकेला कुणाच्याच अंगाची ओढ वाटत नाही. प्रेमभंग नाही, वैधव्य नाही, लहानपणी काही वाईट घडलेलं नाही, भक्तीबिक्ती नाही. वाटत नाही, बस्स. आजवर वाचलेल्या अशा बायकांना लेखकमंडळी शेवटच्या प्रकरणात एक पुरुष आणून बरं करून टाकायची. हिला कुणी बरं केलं नव्हतं. मी हादरलेच. अठ्ठावीस वर्षं मला वाटत आलं होतं की बिघाड माझ्यातच आहे.

तिथे समासात कुणीतरी निळ्या पेनने लिहिलं होतं, ‘हिला डॉक्टरला दाखवा.’ माझं डोकंच फिरलं. त्याखाली मी पेन्सिलीने लिहिलं, ‘मीपण अशीच आहे. मला काहीही झालेलं नाही.’ नंतर खोडायचं ठरवलं होतं. विसरले, मूर्खासारखी.

शनिवारी सुट्टी होती. कपडे वाळत घालून आत आले तर आई खिडकीशी बसून तेच पुस्तक वाचत होती. माझी ओळ एकशे बाराव्या पानावर आणि आई नव्वदीत पोचलेली. दुसऱ्या दिवशी मला बघायला वाणगावहून पाहुणे येणार होते, बाबांच्या कारखान्यातल्या ओळखीचं स्थळ. मुलगा चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणायला कारण तरी मिळालं असतं.

पुस्तक रटाळ आहे म्हणून सांगून पाहिलं. आजच परत करायचंय अशी थापही मारली. आई म्हणाली, करू की सोमवारी. मग मी चहा ठेवला, मेथी निवडायला घेतली आणि काड्या भांड्यात, पानं कचऱ्यात टाकत बसले. ती ओरडली असती तर मीही ओरडून मोकळी झाले असते. पण ती रडेल, नवस बोलेल, मला खरंच डॉक्टरकडे नेईल, याचीच भीती होती. माझं अक्षर तिनेच गिरवून घेतलेलं. ओळखणार नाही असं होणंच शक्य नव्हतं.

पान उलटल्याचा आवाज थांबला. मग आईने उठून खोडरबर कुठे ठेवलाय म्हणून विचारलं. मी मान वर न करता खण दाखवला. तिने माझी ओळ नीट खोडली, फुंकर मारून कचरा उडवला. मग पेन घेऊन तो डॉक्टरचा शेरा असा गिरगटला की कागद फाटायचाच राहिला.

“लोक वाचतात,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाचायला बसली.

पुढे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळपर्यंत तिने पुस्तक संपवलं. मला जवळ बसवलं. म्हणाली, ती शेवटी एकटीच राहते. मी हं म्हटलं.

“उद्याच्या लोकांना मी नको म्हणून कळवते.”

सुटले एकदाची, असं वाटलं तेवढ्यात तिच्याकडे लक्ष गेलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. माझ्याइतकीच घाबरली होती ती.

“पण एकटीने कसं राहायचं, ते मला तुला शिकवता यायचं नाही,” ती म्हणाली. “मी कधी राहिलेच नाही गं.”